रायफलचं सीमोल्लंघन

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या घरात पूजेच्या पाटावर गणपतीशेजारी दोन लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, बायकोचं शिलाई मशीन, पोळपाट-लाटणं आणि माझी रायफल अशी मंडळी ओळीने बसली होती. वर्षभर जी अवजारं आपल्याला पोसतात त्यांना एक दिवस सुट्टी द्यायची आणि त्यांच्यापुढे हात जोडायचे, हा सण मला सगळ्या सणांत शहाणा वाटतो. रायफल मला पोसत नाही, उलट मीच तिला पोसतो, हा मुद्दा बायको दरवर्षी काढते. मी दरवर्षी म्हणतो की हे शस्त्रपूजन आहे, या घरात शस्त्रं दोनच, एक ही आणि दुसरी तुझी जीभ, आणि जिभेला कुंकू लावता येत नाही. मग ती तबक माझ्या हातात कोंबते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

लॅपटॉपच्या बाबतीत आम्ही फार जपून असतो. त्यांच्यावर घराचा हप्ता चालतो, म्हणून झाकणावर करंगळीने टिकलीएवढं कुंकू लावायचं आणि अक्षता लांबूनच दाखवायच्या. रायफलवर मात्र मी हात सैल सोडतो. यंदा दस्त्याला हळदीची पाच बोटं ओढली, वर कुंकवाचा रुंद पट्टा दिला, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता उधळल्या. आदल्या दिवशीच दस्त्याला तेल लावलं होतं, त्यामुळे कुंकू लाकडात मस्त मुरलं. हळदीकुंकवाला निघालेल्या सवाष्णीसारखी दिसत होती.

ही रायफल म्हणजे माझं उशिरा झालेलं प्रेम. नागपूरला कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा मोजक्या गोळ्या झाडायला मिळायच्या, त्याही सुभेदारसाहेबांचा मूड असेल तर. तेव्हापासून डोक्यात किडा होता. पण या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाला सहजासहजी बंदूक बाळगता येत नाही. कर भरता येतो, ट्रॅफिकमध्ये बसता येतं, बाकी सगळं कार्ड आल्यावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत माझे केस गेले, पोट आलं. कार्ड आलं तेव्हा बरोबरीच्या लोकांनी मोठी घरं घेतली, कुणी मोटरबोट घेतली, कुणी पाव भाजायला लागला. मी रायफल घेतली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि खाली लोखंडी कडीसारखा लिव्हर. तो खाली-वर केला की खटॅक खटॅक असा जो आवाज येतो, त्यासाठी मी दोन नोकऱ्या बदलल्या असत्या. महाराष्ट्र मंडळात बायका माझ्यापासून जरा लांब बसू लागल्या आणि त्यांचे नवरे मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारू लागले, “यार, एकदा हातात धरायला देशील का?”

तर त्या सकाळी आरती होते न होते तोच लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

आमची एकुलती एक लेक मिशिगनला कॉलेजात आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि मध्ये कुठेतरी आमचं कुटुंब आहे. बायकोने कौतुकाने फोन पाटाकडे फिरवला.

“बाबा, इज दॅट द गन? नेक्स्ट टू गणपती?”

“शस्त्रपूजन आहे बेटा. ट्रॅडिशन.”

“आय टोल्ड यू इन द समर.”

सांगितलं होतं खरं. वसंतात तिच्या कॉलेजात एक खोटी अफवा उठली होती. कुणाला तरी गोळीचा आवाज आला असं वाटलं, दारं बंद करा म्हणून सगळ्यांच्या फोनवर संदेश गेले, आणि आमची लेक संध्याकाळपर्यंत लायब्ररीत टेबलाखाली बसून होती. काहीच झालं नव्हतं. मी तिला फोनवर तेच म्हणालो, काहीच झालं नाही ना, मग झालं. उन्हाळ्यात ती घरी आली आणि म्हणाली, मला या घरात झोप लागत नाही, बंदूक काढा. रायफल पोलादी कपाटात कुलूपबंद असते, कपाटाचा नंबर म्हणजे तुझाच वाढदिवस, असं मी तिला समजावलं. तिला याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. इंटर्नशिप लवकर सुरू होते असं सांगून ती निघून गेली.

आता ती फोनवर म्हणाली, “आय ॲम नॉट कमिंग फॉर दिवाळी. आयदर इट गोज, ऑर आय डोंट कम. सीरियसली, बाबा.” आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी पण चढवला असता. “बाय आई, लव्ह यू,” म्हणून तिने फोन ठेवला.

बायको भांडेल म्हणून मी कंबर कसून उभा होतो. ती भांडली नाही. पाटावरचं फूल सरळ करत म्हणाली, “लेक एकच आहे. रायफली दुकानात हव्या तेवढ्या मिळतात.”

माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही सुट्टी काढून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एका काकांकडे निघणारच होतो. दर ऑक्टोबरला जातो. काका नात्याचे नाहीत, पण तेच आमचं इथलं घराणं. सुरुवातीच्या काळात भारतातून आलेले डॉक्टर. ज्या कोळशाच्या गावात जायला इथला एकही डॉक्टर तयार नव्हता तिथे ते गेले आणि तिथेच म्हातारे झाले. खाणकामगारांच्या छात्या तपासता तपासता त्यांच्याबरोबर रानात हिंडायला आणि बंदूक चालवायला शिकले. शिकारीला जायचे, पण मारायचे नाहीत. शाकाहारी माणूस, सोबत म्हणून जायचा. खरी नेमबाजी मला त्यांनीच शिकवली. पेशंटांनी प्रेमाने दिलेल्या बंदुकांचं काचेचं कपाट त्यांच्या दिवाणखान्यात होतं. तिथे आणखी एक सहज मावली असती.

“काकांकडे ठेवून येतो,” मी म्हणालो. “घरातून गेली म्हणजे झालं ना? वर्षातून एकदा जाऊन भेटेन.”

“म्हणजे तिला बाहेर ठेवणार,” बायको म्हणाली. “लोक बायका बाहेर ठेवतात असं ऐकलं होतं. रायफल पहिल्यांदाच.”

दसऱ्याला सकाळी आम्ही निघालो. रायफल रिकामी, पेटीत, पेटीला कुलूप, पेटी डिकीत, गोळ्या वेगळ्या डब्यात. तिच्यावरचं कुंकू मी पुसलं नाही. पूजेतलं शस्त्र पुसायला हात धजेना आणि घाईही होती. दसऱ्याला सीमा ओलांडायची असते. पूर्वज घोड्यावर बसून मुलुख जिंकायला निघायचे. मी एका दिवसात जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी आणि व्हर्जिनिया अशा चार सीमा ओलांडणार होतो, तेही हत्यार टाकायला. थर्मासमध्ये चहा आणि मांडीवर साबुदाण्याच्या चिवड्याचा डबा घेऊन बायको शेजारी बसली होती. असं सीमोल्लंघन मराठ्यांच्या इतिहासात झालं नसेल.

डोंगर सुरू झाले की रस्त्याकडेचे फलक बदलतात. एका फलकावर नरकाची आठवण, पुढच्यावर पॅनकेक, त्याच्या पुढच्यावर गुडघे बदलून मिळतील. डोंगरांना नुसता रंग चढला होता, पिवळा, तांबडा, मध्येच जांभळट, आणि त्या सगळ्याकडे बघून बायको “अहाहा” म्हणाली की मी समजायचो की मला पाच मिनिटांची माफी आहे. एका गॅस स्टेशनवर थांबलो तर एकाच काउंटरवर बंदुकीच्या गोळ्या, मासे धरायला जिवंत अळ्यांची डबी आणि घरी भाजलेला ॲपल पाय. “इथला माणूस सकाळी या तीन वस्तू घेऊन निघाला की संध्याकाळपर्यंत त्याचं भागतं,” मी कौतुकाने म्हणालो. बायकोने ॲपल पाय घेतला आणि अळ्यांच्या डबीपासून तो किती लांब ठेवला होता हे दोनदा विचारलं.

दुपारी टेनेसीत एका खानावळीत शिरलो. मी नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करून बसलो. खरा नेमबाज दाराकडे पाठ करून बसत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून पाळत होतो.

“कोण येणार आहे?” बायको म्हणाली. “मंडळाचा खजिनदार वर्गणी मागायला?”

“तू हस. लेक पण अशीच बसते. लहान होती तेव्हापासून. हॉटेलात गेलं की आधी दार दिसेल अशी खुर्ची पकडते. रक्तात असतं ते.”

हे मी मंडळातही छाती फुगवून सांगत असे. पोरगी बापावर गेली आहे, नजर घारीची आहे. घेवड्याच्या भाजीत डुकराचं मांस निघालं होतं, ते बायको काट्याने बाजूला सारत बसली. मला वाटलं, पटलं हिला.

काकांकडे पोचलो तेव्हा उन्हं डोंगरामागे चालली होती. काका अंगणातल्या झाडाखाली काठी टेकून उभे होते. हे झाड रेडबडचं. त्याची पानं आपट्यासारखीच असतात, जोडपान नसतं एवढंच, आणि दसऱ्याला ती पिवळी झालेली असतात. सोनं म्हणून काका वर्षानुवर्षं तीच वाटत आलेत. गावातल्या गोऱ्या पेशंटांनाही वाटायचे, आणि ते बिचारे पान पाकिटात घालून “थँक यू, डॉक” म्हणायचे. आम्ही पानं दिली-घेतली, मी वाकून नमस्कार केला, आणि डिकीतून पेटी काढून दिवाणखान्यात आलो.

काचेचं कपाट जागेवर होतं. आत एकही बंदूक नव्हती. लोणच्याच्या बरण्या होत्या. लिंबू, कैरी, मिरची, एकीत कसलासा मुरांबा, झाकणांवर फडकी बांधलेल्या. काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या; त्यानंतर आम्ही आत्ताच येत होतो. त्यांनी शेवटी घातलेली लोणची होती ती.

“बंदुका कुठे गेल्या, काका?”

“दिल्या. तुझी काकू गेली त्याच आठवड्यात. गावातल्या दुकानात फोन केला, म्हटलं सगळ्या घेऊन जा.” काका खुर्चीत बसले. “आता तू ही पेटी इथे ठेवणार म्हणतोस. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं मला. ठेवू नकोस.”

“कुलूप असतं काका, आणि तुम्ही तर...”

“मी काय? मी एकटा म्हातारा आहे. या डोंगरात एकटे म्हातारे आणि घरातली बंदूक यांचं काय होतं ते मी नोकरीभर पाहिलंय. बाहेर येऊन त्यांच्या पोरांना सांगणारा माणूस मीच असायचो. ती गेली तेव्हा पहिल्या रात्री मला माझीच भीती वाटली. आता वाटत नाही. पण म्हणून परत आणून ठेवायची?”

मी पेटी दाराशी टेकवली. काकांना स्वतःचीच भीती वाटू शकते हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला ते नेहमी डोंगरासारखेच वाटायचे, म्हणजे असणारच.

विषय बदलावा म्हणून मी हसून म्हणालो, “आमच्या नेमबाज लेकीने सगळी पंचाईत केली. दाराकडे तोंड करून बसते आणि मला म्हणते बंदूक काढा.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एक्स-रेकडे पाहत असावेत. “ते तुझ्या रक्तातलं आहे असं तुला वाटतं?”

“नाही तर काय?”

“दुसरीत होती. तुम्ही दोघं झऱ्यावर गेला होतात आणि ती काकूजवळ होती. तिने काकूला काय विचारलं माहीत आहे? आजी, तुमच्या घरात लपायचं कुठे? काकूला वाटलं लपाछपी. म्हणाली, कोठीत लप. तर ही म्हणाली, कोठीच्या दाराला आतून कडी नाहीये. मग सगळ्या खोल्या फिरून तिने आम्हाला दाखवलं, कुठून दार दिसतं, कुठे बसलं की खिडकीतून आपण दिसत नाही. शाळेत शिकवलं होतं. बंदूकवाला आला तर काय करायचं. वर म्हणाली, रडायचं नाही, आवाज होतो. दुसरीतली पोर. काकू दोन दिवस नीट जेवली नाही.”

मी बायकोकडे पाहिलं. ती बरण्यांकडे पाहत होती. तिला माहीत होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तेव्हाही, आणि वसंतात ती टेबलाखाली बसली होती तेव्हाही. तू रायफलला तेल लावत होतास.”

मी बाहेर ओसरीत जाऊन बसलो. राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. शाळेवर काढावा तर शाळेने पोर वाचावी म्हणूनच शिकवलं होतं. जे मी वर्षानुवर्षं मंडळात बढाई मारून सांगत होतो ती माझ्या पोरीची भीती होती. सात वर्षांची असल्यापासून ती प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक वाढदिवसाला, माझ्यासमोर बसून दाराकडे बघत होती, आणि मी तिची पाठ थोपटत होतो. मला माझी लाज वाटली. दसऱ्याच्या दिवशी अमेरिकेच्या डोंगरात ओसरीवर बसून मी स्वतःला नागपुरी शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही, पण एकही वाया गेली नाही.

सकाळी मी जाहीर केलं की रायफल विकतो. पण माणूस शेवटी माणूस. म्हटलं, शेवटचा एक बार काढू आणि मग देऊ. काकांच्या घरामागे टेकडीच्या पोटाशी मातीचा बांध आहे, तिथे आम्ही नेहमी पत्र्याचा डबा ठेवून नेम धरायचो. डबा ठेवला. कानात कापसाचे बोळे घातले. बायको आणि काका मागे खुर्च्या टाकून बसले, शाल पांघरून, लग्नातल्या पहिल्या रांगेत बसल्यासारखे. गोळी भरण्याआधी लिव्हर एकदा रिकामा फिरवून बघायचा ही काकांचीच शिकवण. मी तो खाली ओढला. खटॅक. वर केला. खट् झालं आणि तिथेच अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. जोर लावला, फुंकर मारली, रायफल उलटी करून लहान बाळासारखी थोपटली. दोन अक्षता गवतात पडल्या. बाकीच्या आत कुठेतरी ठाण मांडून बसल्या होत्या.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“अक्षता गेल्या आत.”

काकांचे आधी खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि बायकोला उठून पाणी आणावं लागलं. काकू गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. “एवढ्या वर्षांत,” ते डोळे पुसत म्हणाले, “चिखलाने अडकलेली पाहिली, गंजाने अडकलेली पाहिली. भक्तीने अडकलेली ही पहिली.”

“तिची सुट्टी अजून संपली नाहीये,” बायको म्हणाली.

पत्र्याच्या डब्याला नमस्कार करून आम्ही गावात गेलो.

दुकान मुख्य रस्त्यावरच होतं, एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला केस कापायचं दुकान. गल्ल्यामागे साठी उलटलेली मालकीणबाई होती, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, अंगात कशिद्याची फुलं असलेला स्वेटर. काकांना बघून ती बाहेर आली, “डॉक!” म्हणून तिने त्यांना मिठी मारली. तिच्या नवऱ्याची छाती काकांनी शेवटपर्यंत सांभाळली होती. मी पेटी गल्ल्यावर ठेवली, कुलूप काढलं आणि झाकण उघडलं.

बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला. रायफलकडे पाहिलं. दस्त्यावर ओघळलेला, लाकडात मुरलेला, वाळून काळपट झालेला लाल पट्टा. मग माझ्याकडे पाहिलं. मग हळूच एक पाऊल मागे सरकून, एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, “सर, हे रक्त आहे का?”

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते टोपी बघता बघता थांबलं. एवढ्या वर्षांची ग्रीन कार्डाची रांग माझ्या डोळ्यांपुढून सर्रकन गेली.

“नाही, नाही! कुंकू आहे! म्हणजे, हळद. हळदच, पण लाल. आम्ही पूजा करतो. बंदुकीची. म्हणजे बंदुकीचीच असं नाही, लॅपटॉपची पण करतो.” मी जितकं समजावत होतो तितका जास्त गुन्हेगार दिसत होतो.

“पूजा,” बाई म्हणाली.

“वर्षातून एकदा,” काका शांतपणे म्हणाले.

बाईने तिच्या दुकानाच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत टांगलेल्या बंदुकांकडे पाहिलं. “फक्त एकदाच?” ती म्हणाली. “इथे लोक रोज करतात.”

मग तिने पितळी सळई घेतली आणि लिव्हरच्या फटीत घालून हलकेच खरवडलं. गल्ल्यावरच्या काचेवर टप टप करून दाणे पडले. तिने एक चिमटीत धरून उजेडात बघितला. “तांदूळ?”

“बासमती,” बायको म्हणाली.

व्यवहार झाला. सह्या झाल्या. बाईने फडकं घेतलं आणि दस्त्यावरचं कुंकू पुसायला हात पुढे केला. “पुसू का?” मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “नको. राहू दे.” मी तिच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं रायफलला सवत म्हणणारी बाई तिला कुंकवासकट निरोप देत होती. मला भरून आलं, पण टोपीवालं गिऱ्हाईक अजून तिथेच होतं, म्हणून मी खोकलो.

रिकाम्या पेटीचा फोटो काढून मी लेकीला पाठवला. मजकूर फार वेळ सुचेना. शेवटी मराठीतच लिहिलं, “दिली. कायमची. काकांनी कोठीची गोष्ट सांगितली.” काकांना पुढल्या महिन्यात आमच्याकडे यायचं कबूल करायला लावलं, बायकोने त्यांच्याकडून कैरीची एक बरणी मागून घेतली, आणि आम्ही परत निघालो. फोन मी गाडीत समोर लावून ठेवला होता. व्हर्जिनिया गेलं, टेनेसी गेलं. पुन्हा ते नरकाचे आणि गुडघ्यांचे फलक. उत्तर नाही. मला वाटलं, उशीर झाला. बायकोने मला त्या सबंध रस्त्यात एकही टोमणा मारला नाही, ते सगळ्यात भयंकर होतं. जॉर्जियाची हद्द लागली तेव्हा फोन वाजला. एक अक्षर होतं. “के.” आणि त्याखाली विमानाच्या तिकिटाचा फोटो.

मी गाडी बाजूला घेतली. बायको म्हणाली, “सांभाळून, मागून ट्रक येतोय.”

दिवाळीला लेक आली. काका आधीच येऊन पोचले होते आणि सोफ्यावर बसून सगळ्यांचे रक्तदाब मोजत होते. बॅग खाली ठेवून लेक सरळ तळघरात गेली, पोलादी कपाटापाशी. मी मागे गेलो. “उघड,” म्हणालो. “नंबर तुला माहीत आहे.” तिने स्वतःचा वाढदिवस दाबला. आत चकलीचा डबा, चिवड्याचा डबा, रव्याचे लाडू, आणि सगळ्यात वर काकूंच्या कैरीची बरणी. कल्पना काकांच्या कपाटावरून उचललेली, हे मी कबूल करतो. बायकोलाही पटली, कारण दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आधीच मी चकल्या संपवतो आणि माझा नेम तिथे कधी चुकत नाही.

“यू आर सो वियर्ड, बाबा,” लेक म्हणाली आणि हसली. मग तिने कपाटाचं दार लावलं आणि हँडल ओढून नीट लागलंय का ते पाहिलं.

दुपारी जेवायला बसलो. आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची बाहेरच्या दाराकडे पाठ असलेली आहे. त्या खुर्चीवर घरातलं कुणी बसत नाही; पाहुणे बसतात, नाहीतर धुतलेले कपडे. काका हात धुवायला गेले होते, बायको वरण आणत होती, मी माझ्या नेहमीच्या, दार दिसणाऱ्या खुर्चीत बसलो होतो. लेक फोनवर काहीतरी वाचत आली, कपड्यांचा ढीग उचलून सोफ्यावर टाकला आणि त्या खुर्चीत बसली.

बायकोच्या हातातलं वरणाचं पातेलं क्षणभर हवेत थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पानातली कोशिंबीर इकडची तिकडे केली. बाहेर शेजाऱ्याच्या गाडीचं दार धाडकन आपटलं. लेकीने मागे वळून पाहिलं नाही.

“बाबा,” ती म्हणाली, मराठीत, “चकली संपली का सगळी?”

मी उठलो आणि कपाट उघडायला तळघरात गेलो.